एकाला नऊ

दिगू चेंदवणकर, ही चिठ्ठी तुझीच.
तुझ्याच निळ्या पेनाची, तुझ्याच तिरक्या हाताची.
मागे विडीच्या वेष्टनावरचा अर्धा वाघ.
मंगळवारी, ओपन फुटायच्या तासभर आधी
बर्फाच्या फॅक्टरीमागे तू ती लिहिलीस
आणि मी पाचशे मोजले:
शंभराच्या चार, बाकी दहा-दहाच्या,
बांगड्याच्या वासाच्या, चिकट.
तो वास तुला चालला.

आकडा आला एक.

तू म्हणतोस, "ह्यो नव आसा."

खिशात चिठ्ठी होती, खांद्यावर टोपली होती,
टोपलीतून खारं पाणी गळतंच, मान्य.
पण नवाला मानेशी एक जादा वळण लागतं,
ते दाखव.
तू म्हणतोस, वळण धुवून गेलं.
म्हणजे जे नाही, त्याच्या नावाने
तू माझे साडेचार हजार ठेवून घेणार.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर सव्वीस वर्षं मी वजनं लिहितो.
माझ्या एकावरून आजवर
कोणी कोणाची गचांडी धरली नाही.

आता जाऊ कुणाकडे?
हवालदार स्वतः तुझ्याकडे पंजा खेळतो.
ग्राहक मंचात काय लिहून देऊ,
अर्जदार मटका लावतो, राहणार मांडवी?
तुझ्या धंद्याला पावती नाही, शिक्का नाही,
म्हणून तर तोंडाला किंमत होती.
पतपेढी बुडाली तेव्हा माणसं म्हणाली,
त्यापेक्षा दिगूकडे ठेवले असते.

पास्कू रॉड्रिग्ज साक्षीला आला.
चिठ्ठी सुलटी धरली, उलटी धरली,
म्हणाला, "उलटी धरली तर सा दिसता,"
आणि तुझा चहा पिऊन गेला.

तेव्हा मी घरून डबा आणला.
बिस्किटांचा, झाकण गंजलेलं,
पोह्यांच्या पिंपामागे असतो.
बारा वर्षांच्या चिठ्ठ्या.
हरलेली चिठ्ठी फाडली की आकडा रुसतो,
असं कधीतरी तूच म्हणाला होतास.
सगळा डबा तुझ्या टेबलावर पालथा केला.
एक डावीकडे, नऊ उजवीकडे,
बाकीचं मध्ये.
तूही चष्मा लावून वाकलास.
सुकटीतून काडीकचरा निवडावा
तसे दोघं निवडत बसलो,
मध्येच तू पंखा बंद केलास, चिठ्ठ्या उडतात म्हणून.

तुझा प्रत्येक नऊ मानेशी अडखळतो.
तुझा एक सरळ खाली उतरतो.
माझंच खरं होतं.

फक्त तो मधला ढीग.
दोन, पाच, सात, शून्यं,
कोपराला लागेपर्यंत.

मी काट्यावरचा माणूस, दिगू.
ढीग दिसला की डोळा आपोआप वजन सांगतो.
ते एक इंजिन होतं. दोन सिलिंडरचं,
थोरल्या भावाबरोबर अर्धलीत घ्यायचं ठरलेलं.
त्याने शेवटी एकट्याने घेतलं,
आता पहाटे आवाजावरून ओळखतो मी ते.

तूही बघितलंस.
काही बोलला नाहीस.
याबद्दल तुझे उपकार मानावेत का,
अजून ठरत नाही.

मग ड्रॉवर उघडून, बोटाला थुंकी लावून
नवाच्या भावाने पुरते मोजलेस.
चिठ्ठ्या परत डब्यात भरायला मदत केलीस.
झाकण लावता लावता म्हणालास,
"फाल्या ओपनाक काय लावतंस?"

सकाळी पहिली टोपली सुरमईची.
पाटीवर खडूने लिहिलं.
शेवंती खवणेकरीण वाकून बघत म्हणाली,
"अकरा काय एकोणीस रे ह्ये?"
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तळहाताने पुसलं.
अक्षरी लिहिलं,
एकोणीस फक्त.